आत्यानंतर कोण बोलणार

दादाराव आबा, गावातली सगळी थोर मंडळी, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या काकू, मावश्या, आज्या.

तुम्ही मला बोलायला उभं केलं आहे. उभी राहिले. घरच्या माणसांना रडू येतं, म्हणून अशा वेळी परक्याला उठवतात. मी परकी आहे. हिंगोलीहून आले, संध्याकाळच्या बसने परत जाईन. ज्यांनी पारूआत्याला खांदा दिला, त्यांच्यापुढे मी तिच्याबद्दल काय सांगणार?

तरी बोलते. कारण मला दुःखापेक्षा काळजी जास्त वाटते आहे. आज सकाळी फाट्यावर उतरले तेव्हाही वाटत होती. इथे आत आले आणि तुम्ही कसे बसला आहात ते पाहिलं, तेव्हा आणखी वाढली. ती काळजी मी तुमच्यापासून लपवणार नाही. आत्याने लपवू दिली नसती.

आधी आत्याचा तो फोटो बघा. हार घातलेला. एसटीच्या पासवर होता, त्यावरून मोठा करून घेतला असं तिच्या भाच्याने सांगितलं. आत्याचा दुसरा फोटोच नव्हता. या फोटोत तिच्या डोक्यावर पदर नाही. या गावात गेलेल्या बायकांचे जेवढे फोटो मी घराघरात भिंतीवर पाहिले, त्या सगळ्यांचा पदर भुवयांपर्यंत आला आहे. आत्याचं कपाळ मोकळं आहे. वाऱ्याने उडालेले केस दिसतात. ती सरळ समोर बघते आहे, आणि आत्ता काहीतरी बोलेल असं वाटतं.

आत्या या गावची लेक होती. लग्न होऊन गेली, नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं, माहेरी परत आली. भावांच्या शेळ्या राखल्या. मग स्वतःच्या केल्या. भावजया तिला आक्का म्हणायच्या. बाकी सगळं गाव आत्या म्हणायचं. तिच्यापेक्षा मोठी माणसंही आत्या म्हणायची. आबा, तुम्ही तिचे थोरले भाऊ, तुम्ही एकटेच तिला पारे म्हणून हाक मारायचात आणि ती तुम्हाला दादा म्हणायची.

ती गोड बाई नव्हती. खोटं कशाला बोलू? शेळी दुसऱ्याच्या वावरात शिरली तर ती वावरवाल्यालाच बोलायची. चहात साखर कमी पडली तर कप तसाच ठेवायची. एसटीत कंडक्टरने वय विचारलं की म्हणायची, "फुकट बसायपुरतं हाय." काही काम नसताना हिंगोलीला यायची, स्टेशनवर बसायची, गाडी आली की कोण उतरलं ते बघायची आणि पुढच्या बसने परत. मी एकदा विचारलं, "आत्या, कुणाची वाट बघता?" तर म्हणाली, "कोनाचीच न्हाई. तितं मला कोनी आत्या म्हनत न्हाई. जरा बरं वाटतं."

तेव्हा मी हसले. आता ते वाक्य सारखं आठवतं.

माझी आणि तिची ओळख कामातून झाली. ते काम तुम्हाला माहीत आहे, पण पोरंसोरंही बसली आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक खोली बांधायची आहे. दिवसा बसायला, दुपारचं गरम जेवण, आठवड्यातून एकदा नर्सबाई येऊन तपासणार. खोली कुठे बांधायची ते म्हाताऱ्या माणसांनाच विचारायचं ठरलं. चांगली गोष्ट. त्यासाठी याच सभामंडपात बैठक झाली. ती बैठक घेणारी माणसं वेगळी होती. माझं काम त्याच्या नंतरचं. म्हाताऱ्या माणसांना विचारलं म्हणतात, ते खरंच विचारलं गेलं का, हे बघायचं आणि तसं लिहून द्यायचं. मी तेवढ्यासाठी आले होते.

मी घरोघर पुरुषांना विचारलं. सगळे म्हणाले, बैठक झोकात झाली. जागा ठरली. वेशीजवळ, पाराशेजारी. बायका होत्या का? होत्या. म्हाताऱ्या बायका झाडून सगळ्या होत्या. त्या काय म्हणाल्या? त्यांना पसंत आहे. माना डोलावल्या.

परत जायला फाट्यावर आले. बस यायची होती. तिथे आत्या शेळ्या घेऊन बसली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय गं पोरी, झालं का इचारून?"

"झालं आत्या."

"काय म्हनलं गाव?"

"पाराशेजारची जागा सगळ्यांना पसंत आहे म्हणतात."

"म्हाताऱ्यायलाबी?"

"हो. माना डोलावल्या म्हणे."

"पंखा चालू व्हता का?"

मला कळेना. म्हटलं, "असेल. का?"

"मंग पंख्याला पसंत हाय."

ती शेळीकडे वळली. जणू बोलणं संपलं. बस आली आणि मी चढले नाही. ते बरं झालं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आत्याने मला फाट्यावर बसवून जे सांगितलं, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. तुम्ही ते रोज जगता. पण मोठ्याने कधी म्हटलं नसेल, म्हणून मी म्हणते. रागावू नका.

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यापुढे पदर ओढायचा. त्याच्यापुढे आवाज काढायचा नाही. त्याचं नाव घ्यायचं नाही. तो ओट्यावर बसलेला असेल तर मागच्या दाराने जायचं. हे मला ऐकून ठाऊक होतं. मला वाटायचं, हे नव्या नवरीसाठी असतं. पुढे मुलं होतात, केस पिकतात, सुना येतात, मग सुटत असेल. सुटत नाही. दात गेले, नातवंडांची लग्नं झाली, तरी भासरा आहे तोवर ती सून आहे.

आता बघा काय झालं. म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, म्हणून आपण गावातली सगळी म्हातारी माणसं एका मंडपात आणून बसवली. म्हणजेच गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या सुना आणि त्यांचे सगळे भासरे एका मंडपात आणून बसवले. तरुणांची बैठक घेतली असती, तर एखादी बोलली असती. म्हाताऱ्यांची घेतली आणि म्हाताऱ्यांचीच तोंडं बंद झाली. कुणी मुद्दाम केलं का? नाही. बैठक घेणाऱ्यांना हे माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं, पण तुम्हाला त्यात वेगळं काही दिसलं नाही.

फक्त आत्याला दिसलं. कारण आत्या सून नव्हती. या मंडपात पुरुषांपुढे उघड्या कपाळाने बोलू शकेल अशी म्हातारी बाई एकच होती. ती लेक होती, म्हणून.

मग ती मला घरोघर घेऊन गेली. पुढच्या दाराने नाही. शेळ्यांच्या वाटेने, मागून. हळदीचे दिवस होते. अंगणात गड्डे पडले होते आणि बायका हळकुंडं मोडत बसल्या होत्या. एका घरी आबांच्या भावजयांपैकी एक काकू होत्या. नाव घेत नाही. त्या आज मागे बसल्या आहेत.

मी ज्या काकूंना ओळखत होते, त्या म्हणजे पदर आणि दोन हात. त्या दिवशी त्या बोलायला लागल्या आणि मी बघतच राहिले. आवाज केवढा! खणखणीत. हसणं तर त्याहून मोठं. नवऱ्याची नक्कल केली. पोरं फोनवर कसं बोलतात त्याची नक्कल केली. आत्या म्हणाली, "हळू बोल गं, हळद उडून जाईल." त्या आणखी जोरात हसल्या. मग मी विचारलं, "काकू, ती खोली कुठे झालेली बरी?"

त्या थांबल्या. विचार करू लागल्या. हातातलं हळकुंड खाली ठेवलं. असं त्यांना कुणी विचारलं नसावं, कारण त्या उत्तर शोधत होत्या. आधीच तयार असलेलं उत्तर शोधावं लागत नाही. मग म्हणाल्या,

"मला तर वाटतं, जागा जर..."

आणि बाहेर आबा खाकरले.

पदर खाली आला. हात पुन्हा हळदीत गेले. आवाज कुठे गेला कळलं नाही. इतकं झटकन झालं की मला दचकायलाही वेळ मिळाला नाही. आणि त्याच क्षणी आत्याने ते वाक्य उचललं. मोठ्याने, दाराकडे तोंड करून:

"...शाळंमागं पायजे, हातपंपापाशी, असं म्हनून राहिली ती!"

बाहेरून आबा म्हणाले, "बरं." आणि माघारी गेले.

आबा, तुम्हाला हे आठवतं का? तुम्हाला आठवायचं कारण नाही. तुम्ही रोज खाकरत असाल.

तुमची पावलं लांब गेल्यावर मी काकूंना विचारलं, "तुम्हाला हेच म्हणायचं होतं का?"

त्यांनी आत्याकडे पाहिलं. "आक्का म्हनल्या ते बराबर हाय."

मी पुन्हा विचारलं, "पण तुम्ही काय म्हणणार होता?"

"तेच की."

मी तेवढ्यावर उठले. आणि उठल्यापासून ते वाक्य माझ्यामागे लागलं आहे. *मला तर वाटतं, जागा जर.* जर काय? शाळेमागे? असेल. कदाचित नसेल. मला माहीत नाही.

मंडळी, आत्या मोठी बाई होती. तिने बायकांचं म्हणणं पुरुषांपर्यंत पोचवलं, आणि ते दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. पण मी तिला मोठं करण्यासाठी खरं अर्धं सांगणार नाही. बायकाच मला म्हणाल्या होत्या, "आत्या आमचं सांगती, अन् वरून सोताचंबी घालती." एक जण म्हणाली, "आमी पाच मिंटं सांगतो, आत्या अर्धा तास सांगती. मंग बाकीचं कोनाचं?" हसून म्हणाली. तक्रार नव्हती. पण प्रश्न होता.

आत्या होती म्हणून सगळ्यांचं भागत होतं. बायकांना बोलावं लागत नव्हतं. पुरुषांना बायकांचं बोलणं ऐकावं लागत नव्हतं. बहिणीचं ऐकलं की झालं. माझ्यासारखीचंही भागलं असतं. एका बाईला विचारलं, की सगळ्या बायकांना विचारल्यासारखं.

पुढे या मंडपाच्याच ओट्यावर आत्या आणि आबा यांचं जे झालं, ते पुष्कळांनी ऐकलं. मीही होते. आबा म्हणाले,

"पारे, तू उगं गावाचे कान भरू नको. पाराशेजारी काय वाईट हाय? रस्ता हाय, सावली हाय."

"व्हय. दादा, तू उन्हाळ्यात कुठं बसतूस?"

"पारावर."

"अन् तुझ्या भावजया कुठं बसत्यात?"

"घरी."

"काहून?"

"त्यायला बसायला घर हाय की."

"अन् तुला घर न्हाई का? बघा रं, दादाला घरातून काढलं!"

सगळे हसले. आबाही हसले. मग म्हणाले, "पन खोली झाल्यावर बायांनी यावं की. कोन अडवून राहिलं?"

आत्या म्हणाली, "कोनी न्हाई अडवून राहिलं, दादा. तू बसलेला असतूस, एवढंच."

त्यावर कुणी हसलं नाही.

आणि आबांनी त्याच दिवशी मान्य केलं की बैठक पुन्हा घेऊ. हे मी सगळ्यांपुढे सांगते, कारण हे सोपं नव्हतं. ठरलेली गोष्ट मोडली असं लोक म्हणतील, हे त्यांना माहीत होतं. तरी मान्य केलं. बैठक येत्या सोमवारी आहे. बायकांच्या बाजूने आत्या बोलणार होती.

आत्या बोलणार नाही.

मी काळजी म्हणाले ती ही आहे.

सोमवारी आपण पुन्हा इथेच बसू. आत्ता बसलो आहोत तसेच बसू. पुढे जाजमावर पुरुष, मागे भिंतीला टेकून बायका. वर पंखा. कुणीतरी विचारेल, बायकांचं काय म्हणणं आहे? आणि मागे पदर हलतील. जागा पाराशेजारी ठरेल. खोली उभी राहील, रंग लागेल. पुरुष बसतील. नर्सबाई येईल, खोलीच्या मधोमध खुर्ची टाकेल, मोठ्याने विचारेल, कुणाला काय त्रास आहे? एका काकूंना त्रास आहे. काय, ते मी इथे सांगणार नाही. मला इथे सांगता येत नाही, आणि त्यांना तिथे सांगता येणार नाही. मग वर्षभराने कुणीतरी म्हणेल, बायका येतच नाहीत, त्यांना गरज नाही. आणि खोलीच्या अर्ध्या भागात हळदीची पोती लागतील.

हे असंच होईल असं मी म्हणत नाही. होईल की काय, अशी मला धास्ती वाटते. मला झोप लागत नाही असंही नाही. पण सकाळी डोळे उघडले की पहिलं हेच येतं.

मी काय लिहून देणार? बायकांना विचारलं, असं लिहू? त्यांनी सांगितलं, असं लिहू? कुणी सांगितलं? आत्याने. आत्या कुठे आहे?

परवा गावातला एक जण फोनवर मला म्हणाला, "म्याडम, कशाला तकलीफ घेता? तुमाला सगळं माहीतच हाय. सोमवारी तुमीच बायांचं सांगून टाका." तो चांगल्या मनाने म्हणाला. तो इथे बसला आहे. भाऊ, मी सांगणार नाही. मी सांगितलं तर आणखी एक आत्या होईल. आणि ही तर गावचीही नसेल.

आत्या आजारी असताना मी तिला भेटायला आले होते. तुम्ही म्हणाल, शेवटच्या वेळी ती काहीतरी मोठं बोलली असेल. नाही. आधी शेळीबद्दल विचारलं. मग मी आणलेल्या संत्र्यांना नावं ठेवली. मग भिंतीकडे बघत म्हणाली,

"त्या दिशी तिचं बोलनं मी तोडलं."

मला लगेच कळलं कुणाचं. म्हटलं, "तुम्ही पुरं केलं, आत्या."

"पुरं केलं का तोडलं, मला काय ठाव? तिला काय म्हनायचं व्हतं?"

"विचारलं नाही तुम्ही?"

"इचारलं. म्हनती, आक्का तुमी म्हनला तेच."

"मग झालं की."

"काय झालं? लगीन होऊन आली तवापासून हेच म्हनून राहिली. भाजीत मीठ जास्त झालं का? आक्का तुमी म्हनताव तेच. पोरीला कुठं द्यायची? आक्का तुमी म्हनताव तेच." मग म्हणाली, "मला मजा वाटायची. खोटं कशाला बोलू. आपलं ऐकत्यात म्हनून."

मी म्हटलं, "आत्या, बैठक सोमवारी आहे. तोवर तुम्ही बऱ्या व्हाल."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या फोटोत बघते तसं.

"मी बरी झाले तर मीच बोलनार, पोरी. मंग काय उपेग?"

  मी संत्रं सोलत बसले. ती म्हणाली, "दादा वाईट न्हाई." मी म्हटलं, "मला माहीत आहे." ती म्हणाली, "तुला न्हाई माहीत. खाकरल्याबिगर दादा कधी घरात आला न्हाई. कधीच न्हाई. बायांना सावरायला टाइम देतो. लई जन तेवढंबी करत न्हाईत." मग डोळे मिटले. मला वाटलं झोपली. डोळे मिटूनच म्हणाली, "त्या दिशी खाकरला अन् माघारी गेला. तसाच जरा लांब गेला असता, अन् मी गप बसले असते..."

 तिचंही वाक्य अर्धं राहिलं. ते मी पुरं करणार नाही.

आबा, आता मी तुमच्याशी बोलते. तुमची बहीण गेली आहे.  आजच्या दिवशी तुमच्याकडे काही मागू नये, हे मला कळतं. पण सोमवार जवळ आला आहे आणि दुसरा दिवस माझ्याकडे नाही.

तुमची रीत मोडा असं मी म्हणणार नाही. मी कोण? आणि ज्यांचा पदर आहे, त्यांनी मला तसं सांगितलेलं नाही. पदर राहू दे. पदरातूनही आवाज येतो. मी मागितलं तर एवढंच मागेन, की सोमवारी तुम्ही मंडपाच्या दाराशी या, नेहमीसारखं खाकरा, आणि बाकीच्या भासऱ्यांना घेऊन पारावर जाऊन बसा. बायका इथे बसतील. त्यांचं झालं, की त्यांच्यातलीच एक कुणीतरी, कुणाची सून असलेली, आतूनच मोठ्याने सांगेल. तुम्ही परत दाराशी येऊन बाहेरूनच ऐका. आणि त्या दिवशी म्हणालात तसं "बरं" म्हणा. किंवा "न्हाई" म्हणा. पण त्यांना म्हणा. आता मध्ये आत्या नाही.

तुम्ही हो म्हणाल का? मला माहीत नाही. आणि तुम्ही हो म्हणालात, तरी आत कुणी बोलेल का? तेही मला माहीत नाही. त्यांनी आत बसून शेवटी पाराशेजारचीच जागा मागितली तर? तर ती त्यांनी मागितली असेल. मग मी सुखाने लिहीन.

आता श्रद्धांजलीचं. अशा सभेत शेवटी सगळे मिळून मौन पाळतात. आज तसं करायला माझं मन घेत नाही. मागे भिंतीला टेकून बसलेल्यांनी आणखी मौन काय पाळायचं? त्यांचं आजवर पुष्कळ पाळून झालं आहे.

म्हणून माझी विनंती ऐका. आज मौन पुरुषांनी पाळावं. मीही पाळेन, मी खूप बोलले आहे. ते कधी संपवायचं हे मी सांगणार नाही, आबाही सांगणार नाहीत. मागून एखादा आवाज आला, की संपलं. तो आवाज कसलाही असो. आत्याचं नाव घ्या, तिला शिवी द्या, रडा, चहात साखर कमी होती म्हणा. नुसतं "व्हय" म्हटलं तरी चालेल. नुसतं "न्हाई" म्हटलं तरी चालेल.

आणि कुणाला ते वाक्य पुरं करायचं असेल तर करा. जिचं आहे तिनेच केलं पाहिजे असं नाही.

कुणीच काही बोललं नाही तर? मला तीच भीती आहे. तरी आपण थांबू. उभे राहा. आबा, तुम्ही बसूनच राहा, चालेल.

आणि कुणीतरी तो पंखा बंद करा.

झाला? बरं. आता पदर हलला, तर तो मानेनेच हलेल.

पारूआत्या, तुम्हाला नमस्कार. आम्ही गप्प आहोत. मागे बसलेल्यांनो, वाक्य इथवर आलं होतं:

*मला तर वाटतं, जागा जर...*